मी न दिलेला आदेश

नोकरीत पाहिलेलं बरंचसं आता पुसट झालं आहे. आरोपींचे चेहरे एकमेकांत मिसळतात, गावांची नावं चुकतात. पण एका तांड्यावर आईच्या गळ्यात पडून लेकीने धरलेला रडण्याचा सूर अजून कानात आहे. त्यातला एक शब्दही मला तेव्हा कळला नव्हता, तरी तो सूर गेला नाही.

त्या प्रकरणाबद्दल आमच्या जिल्ह्याच्या पोलीस दलात एक गोष्ट सांगितली जाते, आणि ती चुकीची आहे. मागच्या हिवाळ्यात एका जुन्या सहकाऱ्याच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला यवतमाळला गेलो होतो. भाषण करणाऱ्या अधिकाऱ्याने मला पाहिलं आणि तीच गोष्ट काढली. चौकशी चालू असतानाच साहेबांनी, म्हणजे मी, धोका ओळखला, महिला शिपायाला ताबडतोब रवाना केलं आणि एक बाई आणि तिचं लेकरू वाचलं, असं तो म्हणाला. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. ती महिला शिपाई तिसऱ्या रांगेत बसली होती. आता तिच्या खांद्यावर तारे आहेत. तीही टाळ्या वाजवत होती.

त्या टाळ्या मला सहन झाल्या नाहीत. म्हणून हे लिहितो आहे. यात कोणाचं नाव घेणार नाही. तिचंही नाही, कारण तिने तशी परवानगी दिलेली नाही आणि मी मागितलेलीही नाही.

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते यवतमाळला मुख्यालयाच्या मैदानावर. भरती सुरू होती आणि मुलींच्या उंचीच्या रांगेवर माझी देखरेख होती. उंची कमी भरू नये म्हणून पोरी नाना युक्त्या करतात. टाचा हळूच उचलतात, केसांचा अंबाडा डोक्याच्या अगदी मधोमध बांधतात. माप घेणारी महिला हवालदार प्रत्येकीच्या डोक्यावर तळहात दाबून तो चपटा करायची. हिची पाळी आली तेव्हा ती केस सोडूनच पट्टीखाली उभी राहिली.

"अंबाडा काहून सोडला व?" हवालदार बाईने विचारलं.

"तुम्ही दाबणारच हाय, मॅडम. सकाळपासून तुमचा हात दुखत असन."

रांग हसली. मीही तोंड फिरवून हसलो. उंची जेमतेम भरली, पण भरली. दुपारी धावण्याच्या चाचणीत तिला पाहिलं. भावाचे बूट घालून आली होती, पुढे कापूस कोंबलेले. पहिल्या फेरीत मागे होती. शेवटच्या फेरीत तिने जे पाय उचलले, ते पाहून शिट्टी तोंडात धरलेला आमचा जमादार शिट्टी वाजवायचं विसरला.

भरती पाहणाऱ्याला वाटतं की माणूस निवडला की काम संपलं. खरं काम त्यानंतर असतं. प्रशिक्षण संपवून पोरं ठाण्यात येतात आणि वर्षभरात निम्म्यांच्या उशाखाली तलाठी भरतीची पुस्तकं सापडतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. सणाला बंदोबस्त, निवडणुकीला बंदोबस्त, घरात कोणी आजारी पडलं तर रजेसाठी विनवण्या. मुलींचं आणखी वेगळं. मी प्रभारी होतो त्या ठाण्यात बायकांसाठी शौचालय नव्हतं. ही पोरगी आमच्याकडे रुजू झाली तेव्हा शेजारच्या सरकारी कार्यालयात जाऊन यायची. तिथला शिपाई किल्ली देताना रोज काहीतरी बोलायचा. तिने कधी तक्रार केली नाही. मला हे जमादाराकडून कळलं, आणि कळल्यावरही मी वर एक पत्र पाठवून मोकळा झालो.

ठाणं जिल्ह्याच्या दक्षिण भागातलं, उमरखेडच्या बाजूचं. हद्दीत बंजारा समाजाचे बरेच तांडे. ती त्याच समाजाची, दुसऱ्या तालुक्यातल्या तांड्यावरची. त्यामुळे तिची पोस्टिंग आली तेव्हा मी खूश झालो होतो. आमच्यापैकी कोणालाच बंजाऱ्यांची गोरबोली धड येत नव्हती. तांड्यावर गेलो की बायका आपसात बोलायच्या, आम्ही तांड्याच्या कारभाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचो आणि तो सांगेल ते लिहून आणायचो.

कापूस वेचणीचे दिवस होते. एका शेतकऱ्याच्या विहिरीत तरुण पोराचं प्रेत तरंगताना दिसलं. ओळख लगेच पटली. जवळच्या तांड्यावरच्या एका विधवेचा एकुलता एक मुलगा. टेकडीपलीकडच्या तांड्यावर त्याची बहीण दिलेली होती. तिला माहेरी आणायला तो सकाळी निघाला होता. वाट त्या विहिरीवरून जाते. जावयाने सांगितलं की साळा आपल्याकडे आलाच नाही. म्हणजे जाताना पाणी प्यायला वाकला आणि पाय घसरला, असा सरळ अर्थ निघत होता. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, प्रेत शवविच्छेदनाला गेलं.

पंचनामा चालू असताना शेताचा मालक माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. हातात तुरीची काडी घेऊन ती तोडत होता.

"साहेब, एक बोलू काय? ह्या विहिरीत घसरायले जागाच नाई. माह्या बापानं कंबरेइतका कठडा बांधला. ढोर बी पडलं नाई आजपर्यंत."

मी ते मनात ठेवलं. डोक्याला मार होता, पण तो पडताना लागला असं म्हणता येत होतं. मुलाच्या आईने जबाबात सांगितलं की पोरगा चहा पिऊन निघाला, घसरला असेल. एवढं सांगून ती गप्प झाली. तिची गप्प राहण्याची रीत मला खटकली. मुलगा गेलेली आई पोलिसांना प्रश्न विचारते, रागावते, काही नाही तर नशिबाला बोलते. हिने एकही प्रश्न विचारला नाही. उलट जावई मात्र रोज ठाण्यात. स्वच्छ शर्ट, केस विंचरलेले, सगळ्यांना रामराम. डॉक्टरचा कागद आला का म्हणून विचारायचा आणि आमच्या पोरांसाठी चहा मागवायचा. ज्याच्या घरात मयत झाली आहे तो माणूस ठाण्यात चहा मागवत नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकलो होतो.

बहिणीला माहेरी यायला उशीर झाला. सासरच्यांनी ती तापाने पडल्याचं सांगितलं. ती येणार त्या दिवशी जबाब घेण्यासाठी मी स्वतः तांड्यावर गेलो. बरोबर जमादार आणि ही पोरगी. आम्ही दोघे अंगणाबाहेर लिंबाखाली थांबलो. ती दारापर्यंत गेली.

बंजारा बायकांच्या रडण्याची एक रीत आहे. मयताच्या घरी नातेवाईक बाई आली की दोघी एकमेकींच्या गळ्यात हात टाकतात आणि सुरात रडतात. त्या सुराला शब्द असतात. गेलेला माणूस कसा होता, शेवटचा कधी दिसला, काय बोलला, हे सगळं त्यात येतं. रडणाऱ्या बायका त्या क्षणी गर्दीकडे पाहत नाहीत आणि गर्दीही ते ऐकून न ऐकल्यासारखं करते. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की बहीण आली, आईच्या गळ्यात पडली आणि आवाज उठला. मग आईने डोळे न उघडताच एक हात बाजूला केला आणि दाराशी उभ्या असलेल्या आमच्या शिपायाची मान धरून तिलाही जवळ ओढलं. खाकी वर्दीतली पोरगी त्या दोघींच्या मध्ये गेली आणि तीही त्यांच्यासारखीच रडू लागली.

"बाप्पा," जमादार हळूच म्हणाला, "आपली बाई तं पाहुणीच झाली."

बहिणीचा जबाब झाला. तोही आईसारखाच. भाऊ आलाच नाही. तिच्या शेजारी तिचा दीर बसून होता, आणि जबाब संपताच तो तिला परत सासरी घेऊन गेला.

 ठाण्यात परतल्यावर मी एकटा असताना आमची पोरगी आत आली आणि सावधानमध्ये उभी राहिली.

"साहेब, एक गोष्ट हाय. पण ते जबाब नाई."

"मग काय आहे?"

"रडणं हाय. आमच्यात ते बाहेर नेत नाई कोणी. तुम्ही मले वचन द्या का हे कोठून समजलं ते कोणाले सांगणार नाई."

मी हो म्हणालो. तिने सांगितलं. बहीण रडताना भावाला म्हणत होती की माझ्या हातची भाकर खाऊन उठलास, मला म्हणालास पोराला कपडे घाल, मी तुझ्या मागून आलेच असते, पण तुला पोहोचवायला जो निघाला तो एकटाच घरी आला.

 शवविच्छेदनाचा अहवाल दोन दिवसांपासून माझ्या टेबलावर होता. पोटात ज्वारीची भाकर आणि भाजी, मृत्यूच्या थोडा वेळ आधीचं जेवण. आई म्हणाली होती की पोरगा नुसता चहा पिऊन निघाला. मधल्या वाटेवर शेतं सोडून काही नाही. मग जेवला कुठे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो अहवाल मी डोक्याच्या जखमेपर्यंत वाचून बाजूला ठेवला होता.

"आईला हे माहीत होतं?"

"रडताना समजलं असन, नाई तं आधीच वास आला असन. पण ते बोलन कशी, साहेब? पोरगी त्याच्याच घरात हाय, लेकरासकट. एक गेलं, दुसरं पण जाईन." मग ती जरा पुढे आली. "म्हून म्हणतो, पयले तिले तेथून काढा. कायतरी निमित्त करून माहेरी आणा. मग त्याले बोलवा."

सल्ला अगदी बरोबर होता. मी मान डोलावली आणि उद्या पाहू म्हणालो.

पण दुसऱ्या दिवशी जावई स्वतःच ठाण्यात आला. नेहमीसारखा चहा सांगितला. त्याचा भाऊ बाहेर बाकावर बसला. आयता आला आहे, जाऊ कशाला द्यायचा, असं माझ्या मनात आलं. त्याला आत घेतलं. दारावर ही पोरगी ड्युटीला होती. मी आत जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. चौकशी चालू असताना कोणी आत यायचं नाही, हा माझा कायमचा नियम होता.

पहिला काही वेळ मी त्याच्याकडून तेच तेच वदवून घेतलं. माणूस खोटं एकदा चांगलं सांगतो. तेच पुन्हा पुन्हा सांगायला लावलं की त्याला कंटाळा येतो आणि तो सजावट करू लागतो.

"साळा आला असता तर?"

"आला असता तं कोंबडं कापलं असतं, साहेब. एकुलता एक साळा माहा."

"कोंबडं राहू दे. साधी भाकर तरी वाढली असती?"

"वाढली असती ना. कोणी उपाशी पाठवते काय?"

"उपाशी नाहीच पाठवलं तुम्ही."

त्याचा हात गुडघ्यावर थांबला. त्या वेळी मी शवविच्छेदनाचा अहवाल त्याच्यापुढे सरकवला असता तरी काम झालं असतं. कागद तिथेच होता. पण मला तो तिथेच, त्याच क्षणी मोडायचा होता. मी आवाज चढवून म्हणालो, "तुझी बायको आईच्या गळ्यात पडून काय सांगत होती, ते आम्हाला कळत नाही असं वाटलं का तुला?"

तो मोडला. भाऊ बहिणीला घेऊन जायला आला होता, कारण तिला मारहाण होत होती. परत पाठवणार नाही असं तो जेवताना म्हणाला. तू पुढे हो, बायको तयारी करून येते, असं सांगून जावई त्याला वाटेला लावायला निघाला. विहिरीशी बोलाचाली झाली आणि त्याने काठी घातली. काठी कुठे टाकली तेही त्याने सांगितलं. तुरीच्या शेतातून ती आणि मेलेल्या पोराची चप्पल दोन्ही पंचांसमोर जप्त झाली. पुढे खटल्यात शिक्षा लागली. तपास पक्का होता आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

पण माझा चढलेला आवाज दाराबाहेर गेला होता. बाकावरच्या भावाने तो ऐकला आणि मोटारसायकलला किक मारली.

त्यानंतर काय झालं ते मी जमादाराकडून ऐकलं. पोरगी दारातून धावत ठाणे अंमलदाराकडे गेली. जीप उपविभागीय अधिकाऱ्यांकडे गेलेली. साहेबांना विचारून येतो, असं अंमलदार म्हणाला, पण दार ठोठावायची त्याची हिंमत झाली नाही. माझा नियम सगळ्यांना पाठ होता. ती म्हणाली, "तुम्ही इचारत राहा, मी चालली," आणि जमादाराच्या हातातून त्याच्या स्कूटरची किल्ली घेतली.

"बाई, त्याचं ब्रेक ढिलं हाय," जमादार ओरडला.

"थांबायचंच कोणाले हाय, जमादार," ती जाता जाता म्हणाली.

डांबरी रस्ता टेकडीला वळसा घालून जातो. भाऊ त्या रस्त्याने गेला होता. तिने स्कूटर टेकडीच्या पायथ्याशी टाकली आणि शेतांमधून, टेकडीवरून सरळ धावली. वर्दीत, बुटांसकट. भरतीच्या मैदानावर धावली त्यापेक्षा किती तरी जास्त. भाऊ पोहोचण्याआधी ती त्या घरात होती. सासूला म्हणाली की याडी चक्कर येऊन पडली आहे, लेकीला बोलावते आहे. याडी म्हणजे आई. बाईला आणि लेकराला घेऊन ती ज्या वाटेने आली त्याच वाटेने परत निघाली. टेकडीवरून त्यांना खाली मोटारसायकल दारात थांबताना दिसली, असं त्या बाईने पुढे जबाबात सांगितलं. त्यांच्या मागे तिथली माणसं निघाली होती. पण तोवर आमची जीप परत आली होती आणि जमादार ती घेऊन टेकडीच्या पायथ्याशी पोहोचला होता.

तिने त्या दोघांना माहेरच्या तांड्यावर सोडलं. तोपर्यंत बातमी तिथेही पोहोचली होती. रडणं ठाण्यात नेणारी पोरगी कोण, हे सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी गळ्यात गळा घातलेली वर्दीवाली एकच होती. तांड्यातल्या बायकांनी बाईला आणि लेकराला आत घेतलं. हिला पाणी दिलं आणि तोंडं फिरवली. मेलेल्या पोराची म्हातारी आई दारातून पाहत होती. 

रात्री स्टेशन डायरी माझ्यापुढे सहीला आली. अंमलदाराने नियमाप्रमाणे लिहिलं होतं की महिला शिपाई विनापरवानगी ठाणे सोडून गेली. मी ते वाचलं. दुरुस्त करायचं तर ती का गेली ते लिहावं लागलं असतं, आणि ते लिहायचं तर माझा चढलेला आवाज लिहावा लागला असता. वरून अभिनंदनाचे फोन येत होते. मी सही केली.

काही दिवसांनी जिल्हा अधीक्षक कार्यालयाकडून तिच्या नावाने कारणे दाखवा नोटीस आली. तिने उत्तर दिलं नाही. दोन ओळींचा राजीनामा दिला.

ती एका शिक्षिकेच्या घरी मागच्या खोलीत भाड्याने राहायची. मी तिथे गेलो. पेटी भरून ठेवली होती. मला वाटलं की नोटिशीचा राग असेल, ड्युटीचा त्रास असेल. मी म्हणालो, "टेबलाचं काम देतो. मुख्यालयात बदलीसाठी लिहितो. शौचालयाचाही यावेळी पाठपुरावा करून..."

"साहेब," तिने मला थांबवलं, "मले शौचालयाचा त्रास नाई झाला कधी. म्हणजे झाला, पण त्यानं मी जाणार नव्हती." मग तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "परवा माह्या मावशीकडं मयत झाली. मी गेलती. सगळ्या बाया एकमेकीच्या गळ्यात पडून रडल्या. माह्या गळ्यात कोणी हात टाकला नाई. मी दाराशी उभी राहिली, पंचनाम्याले आल्यासारखी. माही आई पण दुसरीकडं पाहे. आता मले सांगा, असं कोठी राहायचं माणसानं? इकडं नोटीस, तिकडं हे."

मी तिला वचन दिलं होतं. तिने त्याचा उल्लेखही केला नाही. मीच तो काढला.

"चूक माझी झाली."

"हो," ती म्हणाली. "तुमची झाली."

आयुष्यात एवढं सरळ उत्तर मला कोणत्या वरिष्ठानेही दिलं नव्हतं.

मी परत आलो आणि कार्यालयाला अहवाल लिहिला. महिला शिपाई माझ्या तोंडी आदेशाने रवाना झाली होती, डायरीतील नोंद गैरसमजाने झाली, असं त्यात लिहिलं. तिला वाचवायला तेव्हा मला हाच एक मार्ग दिसला. नोटीस रद्द झाली. पण त्या अहवालाचा दुसरा परिणाम माझ्या लक्षात आला तो प्रशस्तिपत्रक हातात आल्यावर. संभाव्य धोका ओळखून तत्काळ महिला कर्मचारी रवाना केल्याबद्दल, असं त्यावर छापलं होतं. तिच्या पायांनी टेकडी चढली आणि नाव माझं लागलं. मी ते पत्रक घेतलं, फोटो काढून घेतला.

राजीनामा मी वर पाठवला नाही, खणात ठेवला. मंजूर होईपर्यंत नोकरी करावी लागेल, असं तिला सांगितलं. ती मुकाट्याने ड्युटीवर येत राहिली.

पुढचा टप्पा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच्या जबाबांचा होता. बहिणीने जबाब दिला. भाकर तिच्या हातची होती, तो तिच्या घरातून उठला होता, हे तिने स्पष्ट सांगितलं. म्हातारी मात्र कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. आत चला म्हटलं की मान हलवायची. सरकारी वकिलांनी समजावलं, मी समजावलं. जमादाराने गोरबोलीतले जे चार शब्द त्याला येत होते ते वापरून पाहिले, तर म्हातारीने त्याच्याकडे पाहून नुसतं नाक मुरडलं.

आमची पोरगी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. म्हातारीला आणण्याची ड्युटी तिचीच होती, पण ती जवळ गेली नाही. मीही तिला जा म्हटलं नाही. एकदा तिला पुढे करून काय झालं ते पाहिलं होतं.

बराच वेळ म्हातारी लेकीच्या मांडीवरल्या लेकराकडे पाहत बसली. मग तिने मान वर केली आणि व्हरांड्याच्या त्या टोकाकडे हात केला.

"छोरी," ती म्हणाली.

पोरगी हलली नाही. म्हातारीने पुन्हा हात केला. ती आली, समोर उकिडवी बसली. म्हातारीने तिची टोपी काढून बाजूला जमिनीवर ठेवली, दोन्ही हात तिच्या गळ्यात टाकले आणि सूर धरला. भर कोर्टाच्या व्हरांड्यात. वकील थांबले, पक्षकार वळून पाहू लागले. कोर्टाचा पट्टेवाला गप्प बसवायला बाहेर आला आणि पाहून तसाच आत गेला. बहिणीनेही लेकरू बाजूच्या बाईकडे देऊन त्यांच्यावर हात टाकला. थोड्या वेळाने साक्षीसाठी आलेल्या तांड्यातल्या आणखी दोघी उठल्या आणि जाऊन त्यांच्यात मिसळल्या. मला खाकीचा फक्त एक खांदा दिसत होता.

मग म्हातारी डोळे पुसून उठली, आत गेली आणि जबाब दिला. एकदाही थांबली नाही.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी विचारलं, "म्हातारी रडताना काय म्हणाली?"

ती बाहेर पाहत होती. "ते सांगायचं नसते, साहेब."

"मागच्या वेळी सांगितलंस."

"मागच्या वेळी सांगितलं म्हूनच."

जमादार पुढच्या सीटवर खोकला.  ठाण्यात आल्यावर खणातून राजीनामा काढून तिच्यासमोर ठेवला. तिने तो उचलला, घडी घालून खिशात टाकला आणि हजेरीला गेली. फाडला की जपून ठेवला, मला माहीत नाही.

नोकरीत माझ्या हाताखाली बरीच पोरं आली आणि बरीच सोडून गेली. सोडून जाणाऱ्याला आम्ही पगाराबद्दल विचारत असू, क्वार्टरबद्दल, बदलीबद्दल. या प्रकरणापासून मी एक प्रश्न आधी विचारू लागलो. घरी गेल्यावर तुला जवळ घेतात का? काही जण हसायचे. काही जणांचं तोंड उतरायचं, आणि तिथून खरी गोष्ट निघायची. तिच्यासारखी पोरगी भरतीच्या रांगेतून आमच्याकडे आली आणि टिकली, याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा कोणत्या पदकाचा नाही. तिच्या टिकण्यात माझा हात मात्र नव्हता. व्हरांड्यात हात पुढे केला तो त्या म्हातारीने.

आता मी यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या बाजूला राहतो. सकाळी फिरायला निघालो की भरतीची तयारी करणाऱ्या पोरी रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. एखादी थांबून विचारते, "काका, पोलिसात जाऊ काय?" मी जा म्हणतो. अंबाडा मधोमध बांधू नको, एवढंही सांगतो.

निवृत्तीच्या त्या कार्यक्रमानंतर मी तिला बाहेर गाठलं. ती जीपची वाट पाहत उभी होती. मी म्हणालो, "तू उठून सांगायला हवं होतंस की तसं नव्हतं."

"कायले, साहेब? सांगणारे तुम्ही हाय ना अजून."

एवढं बोलून तिने कडक सॅल्यूट ठोकला आणि निघून गेली. तेव्हापासून हे माझ्या अंगावर आहे. डायरी आता माझ्या हातात नाही, तेव्हा दुरुस्तीची नोंद इथे करतो. आरोपीच्या घरातील महिला व तिचे मूल यांच्या जिवाला धोका असल्याचे ओळखून महिला पोलीस शिपाई कोणाच्याही आदेशाशिवाय, स्वतःच्या निर्णयाने ठाण्यातून रवाना झाली. तो धोका ठाणे प्रभारी अधिकाऱ्याच्या उतावीळपणामुळे निर्माण झाला होता. नोंद वाचली, बरोबर आहे. सही.